हरणाऱ्याची खुर्ची

बाईंच्या चेंबरमध्ये चांगल्या खुर्च्यांची कमतरता नव्हती. चामड्याच्या, पितळी खिळे ठोकलेल्या सरकारी खुर्च्या भिंतीला पाठ लावून मांडलेल्या असत. त्यांच्यात बसलं की आपण काहीतरी गंभीर बोलणार आहोत असं माणसाला उगाच वाटायला लागे. पण बाईंच्या टेबलासमोरची मानाची जागा एका साध्या लाकडी खुर्चीची होती, स्वयंपाकघरात असते तशी. तिचा एक पाय आखूड होता, त्यामुळे तिच्यात बसणारा सारखा डावीकडे कलत राही. तिला आम्ही हरणाऱ्याची खुर्ची म्हणायचो.

बाई अमेरिकेच्या केंद्रीय अपील कोर्टात जज होत्या. या कोर्टाच्या वर फक्त सुप्रीम कोर्ट, आणि तिथवर फार थोडी प्रकरणं पोचतात, त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत शेवटचा शब्द याच कोर्टाचा. कोर्ट भरायचं शेजारच्या राज्यात, पण इथे जज लोक आपापल्या गावात चेंबर थाटतात आणि सुनावणीपुरते तिकडे जातात. बाईंचं चेंबर मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरमध्ये होतं. समोर त्यांना सगळे नुसतं 'जज' म्हणत, तीच तिथली रीत. मी घरी बायकोशी बोलताना 'बाई' म्हणायचो आणि मनातही तेच म्हणायचो, कारण त्यांचा सगळा अवतार नागपूरच्या एखाद्या शाळेतल्या कडक बाईंचा होता. जजच्या काळ्या झग्याखाली लोकरी मोजे, आणि चष्मा दोरीनं गळ्यात.

मी त्यांचा लॉ क्लार्क होतो. हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "इतकं शिकून क्लार्कच?" तिला समजावून सांगितलं की या क्लार्कीसाठी इथल्या लॉ स्कूलांमधली पहिल्या रांगेतली पोरं एकमेकांच्या जिवावर उठतात, वर्षभर जजला निकाल लिहायला मदत करतात आणि मग मोठ्या फर्ममध्ये जाऊन वडिलांपेक्षा मोठं घर घेतात. "मग तू कधी जाणार?" आईनं विचारलं. मी गेलोच नाही. दरवर्षी नवी पोरं येत आणि जात, मी मात्र कायमचा क्लार्क झालो. तेव्हा आईचं काही फार चुकलं नव्हतं.

खुर्चीचा नियम असा. निकालाचा मसुदा तयार झाला की बाई तो मोठ्यानं वाचत. आमच्यापैकी एकानं त्या खुर्चीत बसायचं आणि वाचन संपेपर्यंत हरलेला पक्षकार व्हायचं. घर गेलेला माणूस, शिक्षा कायम झालेला चोर, कधी एखादी विमा कंपनी. वाचून झालं की बाई चष्मा काढून बघत. बसलेल्यानं दोनच शब्दांपैकी एक म्हणायचा: 'कळलं' किंवा 'पुन्हा'. 'पटलं' म्हणायला बंदी होती. हरलेल्याला निकाल पटावा अशी अपेक्षा करणं हा बाईंच्या मते निव्वळ उद्धटपणा होता. त्याला तो कळला की कोर्टाचं काम झालं. कुणी 'पुन्हा' म्हणालं की तो परिच्छेद नव्यानं लिहिला जाई. आणि कुणी 'कळलं, पण' असं सुरू केलं की बाई हात वर करत.

"खुर्चीत 'पण' बसत नाही," त्या म्हणत.

ही खुर्ची आली कुठून याच्या तीन कथा मी त्यांच्याच तोंडून ऐकल्या. एका कथेत ती कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाली. दुसरीत आधीच्या जजनं मागे सोडली. तिसऱ्या कथेत ती त्यांच्या वडिलांची होती. मिशिगनच्या उत्तरेला त्यांची चेरीची बाग होती, रस्त्यावरून खटला झाला, वडील हरले, आणि निकालाचा जाडजूड कागद घेऊन त्या खुर्चीत बसून राहिले. घरात कुणालाच ते का हरले हे त्यातून शोधता आलं नाही. तिन्हींत ही कथा सगळ्यात चांगली, म्हणून माझा तिच्यावर सगळ्यात कमी विश्वास. बाई स्वतः मात्र त्या खुर्चीत बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

डामडौलाशी त्यांचं नातं सरळ नव्हतं. झगा त्या किराणा दुकानाच्या पिशवीतून नेत. कोर्टात सगळे उभे राहिले की घाईघाईनं बसा-बसा अशी खूण करत, जणू चुकून कुणाच्या तरी लग्नात शिरल्यात. ॲन आर्बरच्या बर्फातही सायकलवर येत. पण इमारतीखाली जजसाठी राखलेली गाडीची जागा त्यांनी कधी सोडली नाही. एका मोटारीच्या त्या ऐसपैस चौकोनात मधोमध बाईंची सायकल एकटीच उभी असे, आणि इमारतीतले बाकीचे अधिकारी दोन रस्ते सोडून जागा शोधत फिरत. मी एकदा हे हळूच सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, तत्त्वाचा प्रश्न आहे. कोणतं तत्त्व, ते सांगितलं नाही.

आपल्या कारकिर्दीबद्दलही त्या असंच बोलत. लहान गावात वकिली, मग सरकारी वकील, मग खालच्या केंद्रीय कोर्टात जज. अपील कोर्टातली नेमणूक राष्ट्राध्यक्षांनी करायची आणि सिनेटनं मान्य करायची, आणि एकदा झाली की ती जन्मभराची. बाईंच्या वेळी दोन्ही पक्ष दोन वेगळ्या नावांवरून हातघाईवर आले होते. "माझ्याबद्दल कुणालाच काही वाटत नव्हतं," त्या सांगत, "म्हणून मी एकमतानं निवडून आले." नेमणुकीच्या समारंभाचे फोटो त्यांनी स्वच्छतागृहाच्या दाराआड लावले होते.

गर्व त्यांना एकाच गोष्टीचा होता: आपल्या वाक्यांचा. त्यातही एका वाक्याचा. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी यायच्या आधी, त्यांच्यासमोर एका ट्रकवाल्याचं अपील आलं होतं. सरकारी खात्याचा हुकूम त्याच्या जुन्या पत्त्यावर पडून राहिला आणि अपिलाची मुदत उलटली. बाईंनी निकाल दिला की मुदत हुकुमावरच्या तारखेपासून मोजायची, कागद हातात कधी पडला ते पाहायचं नाही. आणि लिहिलं: 'घड्याळ टपालपेटीत राहत नाही.' हे वाक्य लॉ स्कूलांत शिकवलं गेलं, सरकारी वकिलांना तर ते तोंडपाठ झालं. जुन्या क्लार्क मंडळींनी एका मेळाव्यात ते मगवर छापून बाईंना भेट दिलं. त्या मगातून त्या रोज चहा पीत, वाक्य समोरच्याला दिसेल असा मग धरून.

त्यांच्या शेवटच्या वर्षांत सई नावाची क्लार्क आली. पिस्कॅटवे गावातल्या मराठी घरातली मुलगी, जन्म इथलाच. पहिल्याच दिवशी तिनं मला सवयीनं 'काका' म्हटलं आणि जीभ चावली, पण तोवर बाईंनी ऐकलं होतं. हा माझा घरगुती हुद्दा आहे असं समजून त्याही मला काका म्हणू लागल्या. बाहेरचे वकील बिचारे ईमेलमध्ये 'डियर मिस्टर काका' असं लिहीत.

त्याच वर्षी वैमानिक बाईंचं प्रकरण आलं.

मिशिगनच्या मोठ्या सरोवरात वस्ती असलेलं एक बेट आहे. हिवाळ्यात पाणी गोठलं की बोट बंद होते, मग औषधं, अंडी, दातांच्या डॉक्टरकडे निघालेले म्हातारे आणि टपाल, सगळं एका छोट्या विमानातून जातं-येतं. ते विमान ही बाई उडवत असे. बेटावर तिच्याशिवाय दुसरा वैमानिक नव्हता. देखभालीची नोंद नीट ठेवली नाही असा आरोप ठेवून सरकारच्या विमान खात्यानं आधी तिचं उड्डाण थांबवलं आणि मग परवाना कायमचा रद्द केला. त्या हुकुमाविरुद्ध अपील करायची तिला मुभा होती. पण हुकूम टपालानं निघाला, आणि बेटाचं टपाल तर तिच्याच विमानातून यायचं. ती उडू शकत नव्हती, म्हणून तू उडू शकत नाहीस हे सांगणारा कागद किनाऱ्यावरच्या पोस्टात पडून राहिला. दुसऱ्या विमानाची सोय होऊन तो तिच्या हातात पडला तेव्हा अपिलाची मुदत संपली होती.

आरोप खरा की खोटा हा प्रश्न पुढचा. आधीचा प्रश्न एवढाच होता की तिचं कोणी ऐकून तरी घ्यायचं का. नाही घेतलं, तर तिचं उडणं कायमचं संपलं.

सुनावणीला ती आली होती. कोर्टाच्या शेवटच्या बाकावर जाड जाकीट मांडीवर घेऊन बसली होती. बाईंसोबत आणखी दोन जज होते, बाई मधल्या खुर्चीत. सरकारी वकील तरुण होता, चांगला होता, आणि त्याला आपलं हुकमाचं पान माहीत होतं. बाईंकडे आदरानं बघत त्यानं बाईंचंच वाक्य बाईंना म्हणून दाखवलं. घड्याळ टपालपेटीत राहत नाही, युवर ऑनर.

बाई पुढे झुकल्या. "हे वाक्य लिहिणारी व्यक्ती कधी त्या बेटावर गेली होती का?"

"रेकॉर्डवर तसं काही नाही, युवर ऑनर."

उजवीकडचे जज हसले. बाई हसल्या नाहीत.

अडचण साधी होती आणि भयंकर होती. आमच्या कोर्टात तीन जजनी एकदा छापील निकाल दिला की पुढच्या कोणत्याही तिघांना तो बांधतो, मग त्या तिघांत जुना निकाल लिहिणारी व्यक्ती स्वतः का असेना. तो फिरवायचा तर अख्ख्या कोर्टानं एकत्र बसायला हवं. म्हणजे वैमानिक बाईंच्या वाटेत दुसरं-तिसरं काही नव्हतं, आमच्या बाईंचं गाजलेलं वाक्य तेवढं होतं.

सईनं दोन दिवस पुस्तकं उपसून एक पळवाट काढली. ट्रकवाल्याच्या हुकुमावर तारखेचा शिक्का होता, या हुकुमावर तारीख टाइप केलेली होती. नियमात 'शिक्का' असा शब्द आहे, म्हणून जुना निकाल इथे लागू होत नाही. मसुदा सुरेख होता, मी वाचताना दोनदा मान डोलावली. बाईंनी शांतपणे वाचला आणि परत दिला.

"उद्या खातं शिक्के मारायला लागेल," त्या म्हणाल्या. "मग ही जिंकेल आणि पुढचा हरेल. आणि का हरला, ते त्याला कोणी सांगू शकणार नाही."

"पण जज, शी विल नेव्हर फ्लाय अगेन," सई म्हणाली. खुर्चीत नव्हती, म्हणून 'पण' चाललं.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या, आणि तिच्याविरुद्ध निकाल लिहायला बसल्या.

तो वाचला गेला तेव्हा खुर्चीत सई होती. निकाल आखूड होता, स्वच्छ होता, त्यात एकही लॅटिन शब्द नव्हता. वाचून झालं. बाईंनी चष्मा काढला. सई डावीकडे कललेली, ओठ घट्ट मिटून बसली होती. बाई थांबल्या. मग सई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "काका, मला कळलं, यार. तोच तर प्रॉब्लेम आहे."

बाईंनी मला भाषांतर विचारलं. मी सांगितलं. त्यांनी समोरचा मग उचलला, पाहिला, आणि पहिल्यांदाच वाक्य स्वतःकडे करून खाली ठेवला. मग म्हणाल्या, ट्रकवाल्याच्या वेळीही इथे एक हुशार मुलगा बसला होता. त्यानंही लगेच 'कळलं' म्हटलं होतं. "त्याला कळणारच. तो आयुष्यात कधी कशात हरलेला नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाला त्यांची आणखी दोन पानं जोडलेली होती. जज आपल्या सहकाऱ्याच्या निकालाला स्वतंत्र मत जोडतात हे नेहमीचं, पण बाईंनी ते स्वतःच्याच निकालाला जोडलं होतं. त्यात लिहिलं होतं: 'वरचा निकाल मी लिहिला आहे आणि तो आजच्या कायद्याला धरून आहे. ज्या जुन्या निकालावर तो उभा आहे, तोही मीच लिहिला होता. तो चुकीचा होता. त्याच्या लेखिकेला मी बऱ्याच वर्षांपासून ओळखते. ती त्या काळात आपल्या वाक्यांवर फार खूश असे.' आणि शेवटी अख्ख्या कोर्टानं हे प्रकरण पुन्हा ऐकावं अशी विनंती.

उजवीकडच्या जजनं पाठवलेली संमती एका ओळीची होती: 'मी दोघींशी सहमत आहे.'

त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, "मग विमानवाली जिंकली का?"

"हरली."

"आणि तुझ्या बाई?"

"त्याही हरल्या."

"मग जिंकलं कोण?"

"सध्या तरी कॅलेंडर," मी म्हणालो. ती विद्यापीठात जंतूंवर संशोधन करते. म्हणाली, आमचे जंतू याहून सुसंगत वागतात.

आता चित्राबद्दल सांगायला हवं. आमच्या कोर्टात जज निम्म्या निवृत्तीत गेले की त्यांचं तैलचित्र लावतात. या निम्म्या निवृत्तीला तिथे 'सीनियर' होणं म्हणतात. काम कमी, पगार तोच, पण एखादं प्रकरण अख्ख्या कोर्टानं पुन्हा ऐकायचं की नाही यावर मत द्यायचा हक्क जातो. बाईंनी सीनियर होण्याची तारीख जाहीर करून टाकली होती. दालन ठरलं होतं, भाषणं करणारे ठरले होते, वॉशिंग्टनमध्ये कोणीतरी त्यांच्या जागेसाठी सूट शिवून तयार होता. चित्रही जवळपास झालं होतं. चित्रकारानं बाईंना एका हातात जाड ग्रंथ दिला होता आणि चेहऱ्यावर, त्यांनी आयुष्यात कधीही न केलेलं, मंद स्मित.

कोर्टाचं मतदान त्या तारखेनंतर होणार होतं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की ते काठावरचं असेल. बाईंनी तारीख पुढे ढकलली. मुख्य जजांचा फोन आला तेव्हा मी समोर होतो. पलीकडून बरंच बोलणं झालं. पाहुणे, विमानाची तिकिटं, वॉशिंग्टनची नाराजी, आणि हे सगळं एका मतासाठी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"चित्र अजून ओलं आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

प्रकरण पुन्हा ऐकायचं ठरलं ते एका मतानं. कोणाच्या, हे मोजायची गरज नव्हती. पुढे वैमानिक बाईंचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, नोंदींचा आरोप टिकला नाही, परवाना परत मिळाला. परवा बेटावर जाऊन आलेला एक ओळखीचा सांगत होता, ती अजून उडते आणि उतरताना कुणाशी बोलत नाही. बाईंचं चित्र यथावकाश त्याच दालनात लागलं, स्मितासकट. पण मला बाई आठवतात त्या चित्रातल्या नाहीत. अख्ख्या कोर्टाचा निकाल चेंबरमध्ये आला त्या सकाळच्या आठवतात.

तो निकाल लिहिला होता कोर्टातल्या सगळ्यात तरुण जजनी. बाईंचं त्यांच्याशी कधी जमलं नाही, कारण ते तळटिपा फार देत. मत बाईंनी त्यांच्याच बाजूनं दिलं होतं, त्यामुळे खरं तर त्या जिंकल्या होत्या. मी कागद टेबलावर ठेवले. सई चहा घेऊन आली होती, साध्या पांढऱ्या कपात. बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून पुढे आल्या आणि हरणाऱ्याच्या खुर्चीत बसल्या.

"तू तिकडे बस," त्यांनी मला त्यांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "वाच, काका."

मी टेबलामागच्या त्यांच्या खुर्चीत बसलो आणि वाचलं. निकाल लांब होता, पण नीट होता. जुना निकाल का चुकला, कुणाला त्याची झळ लागली, नियम आता काय असेल. कागद माणसापर्यंत पोचू शकत नसेल आणि त्यात त्याची चूक नसेल, तर मुदत सुरू होत नाही. मधे एका ठिकाणी लिहिलं होतं: 'घड्याळ टपालपेटीत राहत नाही, हे खरं आहे. माणसंही कॅलेंडरात राहत नाहीत. काही जण बेटावर राहतात.'

वाचून संपलं. बाई डावीकडे कलून बसल्या होत्या, हात मांडीवर.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी सईकडे पाहिलं. कोणता भाग, असं विचारलं. बाई म्हणाल्या, तो बेटाचा. मी तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचला, सावकाश. त्यांनी डोळे मिटून ऐकला. एखाद्या गायकानं दुसऱ्या गायकाची जागा ऐकावी तसा.

"कळलं," त्या म्हणाल्या. आणि मग, जरा वेळानं, "तळटिपा मात्र फार आहेत."

उठायला गेल्या तर खुर्ची आखूड पायावर झुकली. त्यांचा तोल गेला, सईनं हात दिला. उभं राहून बाईंनी खुर्चीकडे वळून नीट पाहिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना तिच्यात बसवणाऱ्या माणसाला ती आजच दिसत असावी.

"हिच्यात बसणं इतकं अवघड आहे," त्या म्हणाल्या, "हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं का नाही?"

"खुर्चीत 'पण' बसत नाही ना, जज," मी म्हणालो.